सेकंडहँड एअर रायफल घेताय? आधी सिलिंडरवरचं साल बघा, मग किंमत विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत, बालेवाडीला वर्षभर १० मीटर एअर रायफल शिकतेय, आत्तापर्यंत क्लबची रायफल वापरली, आता स्वतःची हवी. नवी जर्मन रायफल बजेटच्या बाहेर आहे आणि एका सिनियर मुलाची जुनी एफडब्ल्यूबी (फाइनवेर्कबाउ, जर्मन कंपनी) ७०० रायफल विकायला आलीय, तो म्हणतो "कंडिशन एकदम टॉप". ती घ्यावी का, आणि बघायला जाताना काय काय तपासायचं? शिवाय दुसरा प्रश्न, की तुमचा मेहुणा टेक्सासला असतो, तिकडे वापरलेलं रिलोडिंगचं, म्हणजे उडालेली काडतुसं घरी परत भरायचं सामान स्वस्तात मिळतं, ते येताना आणू का म्हणतोय, पुढे मुलगी .२२ ला, म्हणजे खऱ्या काडतुसाच्या ५० मीटर रायफलला गेली की गोळ्यांचा खर्च वाचेल.

दादा, मी पुण्यात बरीच वर्षं मुलांना रायफल शिकवते आणि त्याच्या जोडीने रायफली-पिस्तुलं उघडून सर्व्हिस पण करते, त्यामुळे सेकंडहँडचे बरेवाईट दोन्ही प्रकार माझ्या टेबलावर येतात. सविस्तर लिहिते, कारण यात पालकांचे पैसे तर जातातच पण मुलाचा एक आख्खा सीझन पण जातो, आणि ते मला जास्त लागतं.

आधी मेहुण्याचं उरकते. नका आणू. अजिबात नका. पहिलं कारण कायद्याचं आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे ना, त्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री दोन्ही धरलंय. म्हणजे बॅगेत नुसता लोखंडी प्रेस आणि डाय आहेत, बारूद नाहीये, असं म्हणून सुटका होत नाही. कस्टमला अडकलात तर मुलीच्या शूटिंगचं राहू द्या, घरातल्या सगळ्यांनाच त्रास. दुसरं कारण असं की ज्यासाठी आणताय त्याला ते चालतच नाही. .२२ ची गोळी रिमफायर असते, तिचा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला, वेगळा बसवलेला नसतो, तो केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) कडेच्या घडीत भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा उडाली की ती केस संपली. रिलोडिंग होतं ते सेंटरफायर काडतुसांचं, ज्यांचा प्रायमर मधोमध वेगळा बसवलेला असतो, आणि मुलीच्या वाटेत ते कुठेच येत नाही, १० मीटरला छर्रा, ५० मीटरला .२२, बस.

मेहुण्याला स्वतःसाठी तिकडे घ्यायचं असेल तर तो त्याचा छंद आहे, तिथल्या कायद्यात बसतो, आणि त्यात सेकंडहँड घेणं खरं तर शहाणपणाचंच आहे कारण ओतीव लोखंडाचा सिंगल स्टेज प्रेस, म्हणजे आरसीबीएसचा रॉक चकर वगैरे, दोन पिढ्या चालतो. त्याला एवढंच सांगा की प्रेसचा रॅम, म्हणजे वर-खाली होणारा दांडा, वर नेऊन हलवून बघ, बाजूला खेळ असेल तर सोड, डायच्या आत बोटाने आणि टॉर्चने गंज नि ओरखडे बघ, वजनकाटा असेल तर प्रमाणित वजनं ठेवून तपासल्याशिवाय त्यावर एक काडतूस पण भरू नकोस. आणि विकणारा जर उघडलेला बारुदाचा डबा किंवा त्याने स्वतः भरलेली काडतुसं "फ्री घेऊन जा" म्हणाला तर हात जोडून नाही म्हण. डब्यावरचं लेबल एक आणि आत ओतलेलं दुसरंच असलं तर बंदूक हातात फुटते. आपल्या खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासूनची आहे, तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा, भरलेल्या मालाच्या नोंदीशिवाय तिथे काही हलत नाही. जी शिस्त तिथे, तीच घरच्या टेबलावर. झालं, तो विषय संपला.

आता रायफल.

बहुतेक पालक बघायला जातात तेव्हा काय बघतात? स्टॉक (रायफलचा दस्ता) चकचकीत आहे का, ओरखडे आहेत का, मॉडेल कुठलं, अमुक पोराने याच्यावर किती स्कोअर मारला. आणि विकणारा पण तेच दाखवतो. पण १० मीटरच्या रायफलमध्ये वयाने म्हातारं होतं ते वेगळंच काहीतरी. बॅरल जवळजवळ झिजतच नाही, छर्रा शिशाचा, मऊ, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाचा, सेकंदाला साधारण १७०-१७५ मीटर वेगाने जाणार, त्याने पोलादाला काय होणार. म्हातारा होतो तो सिलिंडर, म्हणजे दाबाची हवा भरलेली नळी, त्याचा व्हॉल्व्ह, आतली ओ-रिंगं (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), रेग्युलेटर. म्हणजे हवेचा सगळा रस्ता. आणि तो बाहेरून दिसत नाही.

म्हणून विकणाऱ्याला पहिला मेसेज किंमतीचा टाकू नका. "सिलिंडरवरच्या कोरलेल्या अक्षरांचा फोटो पाठवा" असा टाका. प्रत्येक सिलिंडरवर बनवल्याचा महिना-वर्ष, भरायचं कमाल प्रेशर, आकारमान वगैरे ठोकलेलं असतं. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात स्पष्ट आहे की सिलिंडर मुदतीत आहे हे बघणं शूटरची जबाबदारी, आणि ती मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या सामानाच्या तपासणीत, हे तपासू शकतात. सगळीकडे तपासतातच असं नाही, आणि म्हणूनच विकणारे म्हणतात "अहो ताई कुणी बघत नाही". पण मी नियमासाठी म्हणतच नाहीये. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते, या हातभर नळीत २०० बार, आणि शूट करताना ती नळी तुमच्या मुलीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर भरायला मी माझ्या रेंजवर नकार देते, मग तो कुणाचाही असो.

तुम्हाला सांगितलेली ७०० ही २००० च्या दशकातलं मॉडेल आहे, रायफल म्हणून फार सुंदर, माझ्या आवडीची, पण तिच्यासोबत मूळ सिलिंडर असेल तर त्याची मुदत बहुधा केव्हाच गेलेली असणार. याचा अर्थ रायफल घेऊ नका असा नाही. याचा अर्थ किंमत ठरवताना सिलिंडरची किंमत शून्य धरा आणि नव्या सिलिंडरचे पैसे त्यातून वजा करा. नव्याला सरळ पाच आकडी रक्कम जाते, वर तो बाहेरून मागवायचा, रिकामाच पाठवावा लागतो, कधी येईल त्याचा भरवसा नाही. एका कंपनीचा सिलिंडर दुसऱ्या कंपनीच्या रायफलला सहसा बसत नाही, त्यामुळे "मित्राचा लावू" हा मार्ग पण बंद. मोठ्या टाकीतून भरायचा ॲडॉप्टर पण कंपनीनुसार वेगळा असतो, तो सोबत आहे ना ते विचारा, त्या बोटभर तुकड्यासाठी लोक महिनाभर थांबतात मग.

सिलिंडर मुदतीत असेल तर गळती बघायची. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सिलिंडर भरताना गरम होतो, आणि गार होताना प्रेशरचा काटा आपोआप खाली येतो, ती गळती नाही. त्यामुळे भरल्यावर लगेच काटा बघून निर्णय करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग फोटो काढा, रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा. दोन वेळा करायचं, एकदा सिलिंडर रायफलवरून काढून आणि एकदा लावून. काढलेला असताना काटा उतरला तर सिलिंडरचाच व्हॉल्व्ह गळतोय, काढलेला असताना ठीक आणि लावल्यावर उतरतोय तर रायफलमध्ये कुठेतरी ओ-रिंग गेलीय. दुसरं प्रकरण सहसा स्वस्तात निघतं. विकणारा एक रात्र रायफल तुमच्याकडे ठेवायला तयार नसेल तर तोच बालेवाडीला किंवा तुमच्या क्लबच्या रेंजवर ठेवू दे, कोचच्या कपाटात, पण ही रात्र सोडू नका.

भरतात कशाने तेही विचारा. डायव्हिंगच्या टाकीतून कोरडी हवा भरली असेल तर उत्तम. हातपंपाने वर्षानुवर्षं भरलं असेल, त्यातून पुण्यातला जुलै-ऑगस्ट, तर आत ओल गेलेली असते आणि ओल व्हॉल्व्हला नि रेग्युलेटरला खाते. आणि ऑक्सिजन, हे मी हात जोडून सांगते, कधीही नाही. कुणीतरी ओळखीच्या हॉस्पिटल सप्लायवाल्याकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून भरून देतो म्हणेल. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि जराशी ग्रीस किंवा तेल एकत्र आलं की स्फोट होतो. विकणाऱ्याने एकदा जरी तसं भरल्याचं कळलं तर ती रायफल तिथेच ठेवा. तसंच "स्मूथ चालावं म्हणून आत थोडं मशीन ऑइल टाकतो" म्हणणारा भेटला तरी. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लागतं तेवढंच, ते पण अगदी पुसट.

आता रेग्युलेटर. सिलिंडरमधली २०० बारची हवा तो कमी, ठरलेल्या दाबावर आणतो आणि प्रत्येक शॉटला तेवढीच देतो. तो बिघडला तर रायफल दिसायला छान, ट्रिगर छान, पण छर्रे वर-खाली. मुलगी बिचारी स्वतःलाच दोष देत बसते, कोच पोझिशन बदलायला लावतो, आणि दोष कुठे तर एका पाकळीएवढ्या सीलमध्ये. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मुलाचा स्कोअर अचानक उभा विखुरला की मी पहिल्यांदा रायफल मागते, मग मुलाशी बोलते.

तपासायला क्रोनोग्राफ लागतो, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, मोठ्या ॲकॅडमीत किंवा सर्व्हिस करणाऱ्याकडे असतं. एकाच डब्यातले दहा छर्रे एका लयीत मारायचे. चांगल्या रायफलमध्ये सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात सेकंदाला दोन-तीन मीटरचा फरक दिसतो. सात-आठ दिसला तर काम आहे. मग दुसरी चाचणी, जी फार कमी लोक करतात. रायफल तशीच दहा-पंधरा मिनिटं पडू द्यायची आणि मग पहिला शॉट मोजायचा. पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा बराच जोरात गेला तर रेग्युलेटर बसल्या बसल्या दाब चढवतोय, त्याचं सील गेलंय. मॅचमध्ये हे फार छळतं, कारण मूल मध्येच थांबतं, पाणी पितं, श्वास घेतं आणि परत उभं राहून मारतं तो शॉट नेमका वर जातो. नव्या सीलने बरं होतं हे, पण ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या, आणि तो खर्च किंमतीतून वजा.

ग्रुप कसा बघायचा? मुलीला उभं करून नाही. रायफल व्हाइसमध्ये मऊ जबड्यात बांधून किंवा निदान टेबलावर पक्का आधार देऊन १० मीटरवरून एकाच ठिकाणी दहा छर्रे. छर्राच ४.५ मिमीचा आहे, त्यामुळे व्हाइसमधून चांगल्या रायफलने चांगल्या छर्ऱ्यांचं भोक बाहेरून बाहेर सहा-सात मिमीच्या आत यायला पाहिजे. हे का महत्त्वाचं, तर एअर रायफलच्या टार्गेटमध्ये १० चा ठिपका फक्त अर्धा मिमीचा असतो, आणि आता गुण दशांशात मोजतात, एक शॉट जास्तीत जास्त १०.९, साठ शॉटचे ६५४. नॅशनलच्या यादीत दशांशाने पोरं वर-खाली होतात. रायफलच दोन मिमी फेकत असेल तर मुलीने कितीही घाम गाळला तरी ते गुण परत येत नाहीत.

ग्रुप खराब आला तर लगेच रायफल वाईट म्हणू नका पण. दुसरे छर्रे लावून बघा. छर्ऱ्यांच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा येतो आणि प्रत्येक बॅरलला आपापला आवडता असतो. दोन-तीन प्रकार मारून बघा. एखाद्यावर एकदम मिटतो ग्रुप. बॅरलच्या तोंडाची कड भिंगाने बघा, तिथे ठोकर लागलेली असेल तर मात्र छर्रा सुटताना वाकडा जातो. नवी रायफल येते तेव्हा कंपनीचं टेस्ट कार्ड सोबत असतं, ते भोक पाडलेलं छोटं कार्ड, ते विकणाऱ्याने जपलेलं असेल तर मला माणूस आवडतो, त्याने बाकीचं पण जपलं असणार.

ट्रिगर. इथे मी बोटापेक्षा डोळे जास्त वापरते. ट्रिगरच्या आणि ॲक्शनच्या स्क्रूंची डोकी बघा. कोपरे गोल झालेत, खाचा फाटल्यात, म्हणजे कुणीतरी चुकीच्या पान्याने आत हात घातलाय आणि काय फिरवलंय देव जाणे. नंतर छर्रा न घालता, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, कॉक करून बट (खांद्याला टेकणारं मागचं टोक) मॅटवर हलकेच टेकवा, दोन-चार वेळा. आपोआप सुटली तर सेटिंग इतकं बारीक केलंय की ते शाळेतल्या मुलीच्या हातात देण्यासारखं नाही. नीट करता येतं, पण नीट होईपर्यंत रेंजवर आणू नका. ड्राय फायरची सोय चालते का ते पण बघा, ती घरी रोज लागणार आहे, छर्रे न उडवता सराव हाच अर्धा सराव आहे.

मागची साइट, डायॉप्टर, सोबत आहे ना? हे विचारायला लोक विसरतात आणि नुसती रायफल घेऊन येतात. चांगला डायॉप्टर स्वतंत्र घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतात. त्याची चाचणी सोपी आहे, ग्रुप मारा, मग दहा क्लिक उजवीकडे, दहा वर, दहा डावीकडे, दहा खाली, प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन छर्रे. शेवटी पहिल्याच भोकात परत आलं पाहिजे. नाही आलं तर आत ढिलाई आहे. पुढच्या साइटची रिंग कुठल्या मापाची आहे, मुलीच्या डोळ्याला चालते का, हे कोच बघेल, ते स्वस्त आहे.

आणि आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. रायफल तुमच्या मुलीला बसते का? एअर रायफलचं वजन नियमाने साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. सिनियर मुलाने स्वतःच्या अंगाप्रमाणे वजनं लावून, बट लांब करून, चीक पीस (गाल टेकवायचा भाग) स्वतःच्या गालाला लावून ठेवलेली रायफल नववीतल्या मुलीच्या हातात दिली की ती मागे वाकते, कंबर वळते, आणि तीन महिन्यांत पाठ दुखायला लागते. मी पालकांना विनवून सांगते की विकणाऱ्याच्या घरी मुलीला सोबत घेऊन जा. जॅकेट घालून, पोझिशनमध्ये उभी करा, डोळे मिटून रायफल गालाला लावायला सांगा आणि मग डोळे उघडायला सांगा. साइटमधून सरळ दिसलं पाहिजे, मान खाली-वर न करता. नसेल दिसत तर चीक पीस नि बट हलवून जुळतं का ते बघा. अॅल्युमिनियम स्टॉकमध्ये बरंच हलतं, जुन्या लाकडी स्टॉकमध्ये कमी हलतं. बट कमीत कमी किती आत जातं ते मोजा, लांब करता येतं पण ठराविक मापाच्या आत नेता येत नाही. मुलगी डावखुरी असेल तर डाव्या हाताचीच रायफल हवी, "सवय होईल" हे उत्तर नाही. आणि वाढत्या वयाची मुलगी आहे, दोन वर्षांनी चार बोटं उंच होईल, म्हणून हलणारा स्टॉक थोडा महाग पडला तरी तो घ्या.

जॅकेट-ट्राउझर सेकंडहँड घ्यायचं का? शिकायला घेतलं तर चालेल, पण कापडाची जाडी आणि कडकपणा दोन्ही यंत्राने मोजतात, आणि दुसऱ्याच्या अंगाला शिवलेलं जॅकेट मुलीला आधार देत नाही. पहिलं नवं घ्यायचंच असेल तर ते जॅकेट, रायफल जुनी चालेल. हा क्रम लोक उलटा करतात.

बजेट खरंच कमी असेल तर आणखी एक वाट आहे, जिचं नाव आजकाल कुणी काढत नाही. एफडब्ल्यूबीची जुनी ३००एस, सत्तरच्या दशकापासूनची, स्प्रिंगवर चालणारी पण धक्का न जाणवणारी, किंवा त्यानंतरची ६०० च्या घरातली, बाजूच्या दांड्याने एकदा हवा दाबायची. यांना सिलिंडरच नाही, म्हणजे मुदतीची भानगड नाही, भरायची कटकट नाही. ३००एस मधला बफर आणि वॉशर वर्षांनी चुरा होतात, ते बदलले की पुन्हा तेच भोक. अडचण एवढीच की साठ शॉटच्या मॅचमध्ये साठ वेळा दांडा ओढायचा, त्यात सराव शॉट वेगळे, लहान खांद्यांना ते जड जातं, पोझिशन दर वेळी मोडते. म्हणून जिल्हा-राज्य पातळीपर्यंत, तेही जरा थोराड बांध्याच्या मुलांना मी ती सुचवते. २०१८ पासून मुलींनाही साठ शॉट आलेत, आधी चाळीस होते, तेव्हा हे अजून सोपं होतं. प्रिसिहोलसारख्या भारतीय कंपनीची रायफल पण सुरुवातीला वाईट नाही, पार्ट इथेच मिळतात हा फार मोठा फायदा, परदेशी ओ-रिंगची वाट बघत बसावं लागत नाही.

पिस्तूलवाल्यांनी विचारलं तर, तेच सगळं, वर दोन गोष्टी. ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे, वजन लटकवूनच बघा, आणि ग्रिपचं माप. लाकडी ग्रिप आधीच्या माणसाने घासून स्वतःच्या तळव्यासारखी केलेली असते, ती तुमच्या मुलाला बसणार नाही असंच धरून चाला आणि नव्या ग्रिपचे पैसे धरा.

कागदपत्रं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल बिनपरवाना ठेवता येते, आपली मॅच रायफल साडेसात-आठ जूलच्या आसपास, त्यामुळे लायसन्सचा प्रश्न नाही. पण म्हणून कागद नको असं नाही. मूळ बिल, सिरियल नंबर, बाहेरून आणलेली असेल तर इम्पोर्टचे आणि कस्टमचे कागद बघा. बरेच शूटर खेळाडू म्हणून ड्युटी माफीवर रायफल आणतात आणि अशा मालाच्या विक्रीवर अटी असू शकतात, तर ते आधी आपल्या रायफल असोसिएशनमध्ये विचारा, व्यवहार झाल्यावर नाही. साध्या कागदावर विक्रीपत्र करा, दोघांचं आधार, सिरियल नंबर, सिलिंडरचा नंबर, सही, तारीख. मुलगी स्पर्धेला रेल्वेने जाईल, कुणी रायफलची पेटी (केस) उघडायला लावली तर बिलाची कॉपी, असोसिएशनचं कार्ड आणि स्पर्धेचं पत्र एका प्लास्टिकच्या पाकिटात केसमध्येच असू द्या.

मिळतात कुठे? दुकानापेक्षा रेंजवर. स्टेट आणि मावळणकर (नॅशनलच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा) झाल्या की काही मुलं नवी रायफल घेतात, काही दहावी-बारावीला खेळ सोडतात, तेव्हा चांगला माल निघतो. दहावीच्या वर्षी सोडलेल्या मुलाची रायफल मला सगळ्यात आवडते, कमी चाललेली असते आणि घरचे प्रामाणिकपणे सांगतात. फक्त ती दोन वर्षं रिकाम्या सिलिंडरने कपाटात पडलेली असेल तर सीलं कोरडी झालेली असतात, आल्याबरोबर सर्व्हिस करून घ्या. ऑनलाइन फोटो बघून, न बघता, ॲडव्हान्स पाठवून घेऊ नका, कितीही गोड बोलला तरी. २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्राँझ आणल्यावर माझ्याकडे पालकांचे फोन खूप वाढले, मला मनापासून आनंद आहे त्याचा, कांबळवाडीचा मुलगा बालेवाडीत घडतो हे बघून कुणाला हुरूप येणार नाही, पण मागणी वाढली की न चालणारा माल पण पुसून-पासून बाजारात येतो.

घेतल्यावर सांभाळायचं कसं ते पण लिहिते कारण तुम्ही ही उद्या विकणार आहात. भरलेला सिलिंडर एप्रिल-मे मध्ये गाडीत ठेवू नका, २५ डिग्रीला २०० बार भरलेला सिलिंडर ६० डिग्रीला साधारण २२३ वर जातो, आणि बंद गाडी उन्हात तेवढी तापते. पावसाळ्यात केसमधल्या फोममध्ये ओल धरते, रेंजवरून आलं की रायफल पुसून बाहेर उघडी ठेवायची, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. सिलिंडर पूर्ण रिकामा कधीच ठेवायचा नाही, थोडी हवा राहू द्या, सीलं बसलेली राहतात. आणि छर्रे शिशाचे आहेत, सराव झाला की मुलीने साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हे मी प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी सांगते.

तर तुमच्या ७०० बद्दल. सिलिंडरचा फोटो मागवा. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरचे, एका सर्व्हिसचे आणि लागला तर ॲडॉप्टरचे पैसे वजा करून आकडा सांगा, तो ऐकून विकणारा हसला तर हसू दे. मुलीला घेऊन जा, उभी करून बघा. बट तिच्या मापाला आत जात असेल, रात्रभर काटा हलला नाही आणि क्रोनोग्राफवर वेग स्थिर आला तर डोळे मिटून घ्या, ७०० वर ती नॅशनलपर्यंत जाऊ शकते. बट लांब राहत असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडा, सहा महिने क्लबच्या रायफलवर काढा. तपासायला कुणी सोबत हवं असेल तर तुमच्या कोचला न्या, आणि त्यांना त्या वेळेचे पैसे आधीच विचारून द्या, म्हणजे ते मोकळेपणाने "नको" म्हणू शकतील.